दुसरे मीठ

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. अकोल्याच्या एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत मी उपाशीपोटी बाकावर बसलो होतो. चाळिशी उलटली की माणसाने वर्षातून एकदा तरी साखर तपासून घ्यावी, असे डॉक्टर मंडळी सांगतात. आणि आमच्या घराण्यात साखर ही वडिलोपार्जित इस्टेटच आहे. माझा नंबर आला. तेथल्या तरुणाने दंडाला रबरी पट्टा आवळला, रक्त काढले आणि ते दोन नळ्यांत वाटून घातले. एकीचे बूच लाल होते, दुसरीचे करडे. करड्या बुचाच्या नळीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड आधीपासूनच होती. मास्तरकीचा स्वभाव, विचारल्यावाचून राहवले नाही.

"तळाशी हे पांढरं काय आहे हो?"

"फ्लोराइड, सर. सोडियम फ्लोराइड. रक्तातली साखर टिकावी म्हणून घालतात."

तो आपला सहज बोलून गेला आणि पुढच्या माणसाचे नाव पुकारू लागला. मी मात्र दंडावर कापूस दाबून धरीत बाहेर आलो आणि रस्त्यावर थोडा वेळ तसाच उभा राहिलो. हे नाव मी पूर्वी ऐकले होते. ते प्रयोगशाळेत नव्हे, तर एका खेड्यातील शाळेपुढच्या हातपंपापाशी. आणि ते ज्या दिवशी ऐकले त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली होती. तेव्हापासून या पांढऱ्या पुडीचा इतिहास मी जमेल तसा गोळा करीत आलो आहे. माझे रसायनशास्त्र दहावीच्या पुढे गेले नाही. तथापि हा इतिहास निव्वळ रसायनशास्त्राचा नाही, म्हणून तो सांगण्याचे धाडस करतो.

*

वऱ्हाडच्या माणसाला मिठाची ओळख करून द्यावी लागत नाही. "वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड" असे आपण अभिमानाने म्हणतो खरे. पण या सोन्याच्या पोटात मीठ आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांचा आहे आणि त्यात ८९४ गावे मोडतात. दर्यापूरकडे किंवा अकोटकडे जाताना दोन्ही बाजूंना काळीभोर, सपाट जमीन दिसते. कापूस, तूर, हरभरा, सारे काही पिकते. पण विहिरीचे पाणी ओठाला लावावे तर तोंड वाकडे होते. पावसाच्या पाण्यावर शेती करावी आणि पिण्याचे पाणी दुरून आणावे, असा या पट्ट्याचा पिढ्यान् पिढ्यांचा संसार. आता सातपुड्यातील वान आणि शहानूर या धरणांचे पाणी नळांनी गावोगाव नेले आहे, परंतु "पाणी गोड आहे का?" हा सोयरीक जुळवितानाचा पहिला प्रश्न असे, हे सांगणारी म्हातारी माणसे आजही भेटतात.

या खारेपणाचाही एक जुना व्यवहार होता. अकोल्याच्या उत्तरेस दहीहांडा म्हणून गाव आहे. त्या भागात एके काळी विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत. इंग्रजांनी १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. पुढे १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी या प्रांताचे गॅझेटियर सिद्ध केले, त्यात पूर्णेच्या खोऱ्यातील मिठाच्या विहिरींची नोंद आहे. सरकारने मिठाचा व्यापार आपल्या मुठीत घेतला आणि हा धंदा बसला. पण लोक त्या विहिरी विसरले नाहीत. १९३० साली महात्माजींनी दांडीला मीठ उचलले तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडने काय करावे, असा प्रश्न पडला नाही. लोक दहीहांड्याला गेले आणि तेथल्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून त्यांनी कायदा मोडला.

हे पहिले मीठ. ते जिभेला कळते, आणि जिभेला कळते म्हणूनच ते प्रामाणिक आहे. त्रास द्यावयाचा तर तोंडावर सांगून देते. मला सांगावयाचे आहे ते दुसऱ्या मिठाविषयी. ते दिसायला अगदी पहिल्यासारखेच. पण पाण्यात ज्या प्रमाणात असते त्या प्रमाणात जिभेला त्याचा पत्ताही लागत नाही.

*

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचा संयोग. क्लोरीनच्या जागी त्याच घराण्यातील वडीलभाऊ फ्लोरीन आणून बसविला की सोडियम फ्लोराइड तयार होते. हा वडीलभाऊ मोठा तापट. साऱ्या मूलद्रव्यांत इतका हावरा दुसरा नाही. जे भेटेल त्याला तो धरून बसतो. त्यामुळेच निसर्गात तो एकटा कधी हाती लागत नाही, दगडांत आणि क्षारांत बांधलेलाच सापडतो.

त्याचा दगड माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होता. १५३० साली जर्मनीतील अ‍ॅग्रिकोला नावाच्या पंडिताने खाणींवर लिहिताना अशा खड्यांचा उल्लेख केला. भट्टीत हा खडा टाकला की अशुद्ध धातूचा मळ पातळ होऊन वाहू लागे. लॅटिनमध्ये 'वाहणे' या अर्थाचे जे क्रियापद आहे त्यावरून खड्याला नाव पडले, आणि त्याच नावाचा वारसा फ्लोरीनकडे आला. पुढे १७७१ साली स्वीडनमध्ये शील नावाच्या औषधविक्याने हा खडा गंधकाच्या तेजाबात तापविला. त्यातून निघालेल्या वाफेने त्याचे काचेचे पात्रच खाऊन टाकले. काच खाणारे आम्ल म्हणतात ते हेच. या आम्लात एक नवे मूलद्रव्य लपले आहे, हे फ्रान्समधील आंपेअरने ओळखले व इंग्लंडमधील हम्फ्री डेव्हीला कळविले; पण ते मोकळे करून दाखविणे कोणाला साधेना.

त्यानंतरची सत्तर-पंचाहत्तर वर्षे म्हणजे रसायनशास्त्रातील एक लढाईच आहे. डेव्हीची प्रकृती या प्रयोगांनी बिघडली. आयर्लंडमधील नॉक्स नावाचे दोन भाऊ विषारी वाफेने अंथरुणाला खिळले. बेल्जियममधील लुये आणि फ्रान्समधील निक्लेस हे दोघे तर प्राणांनाच मुकले. अखेर २६ जून १८८६ रोजी पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ याला यश आले. शुद्ध आम्लातून वीज जाईना. तेव्हा त्याने त्यात पोटॅशियमचे एक फ्लोराइड मीठ विरघळविले, प्लॅटिनमच्या नळीत ते अतिशीत ठेवले आणि वीज सोडली. फिकट पिवळसर वायूचा पहिला झोत बाहेर पडला. येथेही वाट मोकळी केली ती मिठानेच. म्वासाँला १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि दोन-तीन महिन्यांतच, १९०७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ५४ व्या वर्षी तो वारला.

*

हे सारे वाचल्यावर ते मीठ एकदा डोळ्यांनी पाहावे असे वाटू लागले. माझे एक स्नेही अमरावतीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवितात. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कपाटाचे कुलूप उघडून प्लॅस्टिकची एक पांढरी बाटली टेबलावर ठेवली. बाटलीवर कवटीचे चित्र.

"मास्तर, पाहा, पण हात लावू नका," ते म्हणाले.

पूड अगदी साधी होती. बारीक दळलेल्या मिठासारखी, पांढरी शुभ्र, वास नाही. कोणी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली तर घरची बाई डोळे मिटून वरणात घालील.

"काचेच्या बाटलीत का नाही ठेवत?" मी विचारले.

"पाण्यात कालवून काचेत ठेवलं तर हळूहळू काच खरवडतं. म्हणून प्लॅस्टिक. आणि यावर आम्लाचा थेंबही पडू द्यायचा नाही. पडला की तुमचं ते काच खाणारं आम्ल तयार."

मग त्यांनी मला त्याचे एकेक गुण सांगितले. हे मीठ ९९३ अंश सेल्सिअसला वितळते. पाण्यात ते फार विरघळत नाही. साधे मीठ १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मावते, तर हे जेमतेम ४ ग्रॅम. पाणी तापविले तरी त्यात फारसा फरक पडत नाही. त्याचा खरा लोभ कॅल्शियमवर. जेथे कॅल्शियम दिसेल तेथे जाऊन त्याला मिठी मारावयाची आणि घट्ट, न विरघळणारा दगड व्हावयाचे, हा त्याचा धर्म. आणि माणसाचे हाड, माणसाचा दात हे तर कॅल्शियमचेच बनलेले! रक्तातही थोडे कॅल्शियम फिरत असते आणि हृदयाचा ठोका त्याच्यावर अवलंबून असतो. हे मीठ मोठ्या मात्रेने पोटात गेले तर जठरातील आम्लाशी मिळून आधी पोट जाळते, मग रक्तातील कॅल्शियम ओढून घेते, आणि हृदय बंद पडते. मोठ्या माणसाला ५ ते १० ग्रॅम, म्हणजे एक-दोन चमचे, प्राणघातक ठरतात; लहान मुलाला त्याहून कितीतरी कमी. चुकून कोणाच्या पोटात गेलेच तर शुद्धीवर असलेल्या माणसाला दूध पाजावे, कारण दुधात कॅल्शियम असते; ओकारी काढण्याच्या भरीस पडू नये; आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा.

"हे सगळं पुस्तकी आहे असं समजू नका," स्नेही म्हणाले, आणि त्यांनी मला अमेरिकेतील एक हकीकत सांगितली. ऑरेगन राज्यात सेलम गावी मनोरुग्णांचे मोठे सरकारी इस्पितळ होते. १९४२ च्या नोव्हेंबर महिन्याची १८ तारीख. रात्रीच्या जेवणात रुग्णांना अंड्याचा पदार्थ वाढला. त्यात दुधाची भुकटी घालावयाची होती. ती आणावयास कोठीत माणूस पाठविला. त्याने आणली ती झुरळे मारण्याची पूड, म्हणजेच सोडियम फ्लोराइड. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एकाच कोठीत. जेवण सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच माणसे कोसळू लागली. ४७ रुग्ण दगावले.

ते ऐकून मी त्या बाटलीकडे पुन्हा पाहिले. स्नेह्यांनी ती उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

*

असले हे विष रक्ताच्या नळीत काय काम करते? ते काम मोठे गमतीचे आहे. रक्त शरीराबाहेर काढले तरी त्यातील पेशी काही वेळ जिवंतच असतात आणि भूक लागली की जवळची साखर खात राहतात. नळी तशीच ठेवली तर तासाला शेकडा पाच-सात भाग साखर फस्त होते. दर्यापूरच्या माणसाचे रक्त तपासणीला अकोल्यास पोचेपर्यंत त्याचा मधुमेह कागदावर निम्मा बरा व्हावयाचा! पेशीच्या आत साखरेचे विघटन पायरीपायरीने होते आणि प्रत्येक पायरीवर एकेक विकर पहारेकऱ्यासारखे उभे असते. त्यांतील एनोलेज नावाच्या विकराला फ्लोराइड जागच्या जागी जखडून टाकते. एक पायरी निखळली की जिना बंद. ही गोष्ट १९३० नंतरच्या दशकात जर्मन शास्त्रज्ञांनी उलगडली. किंबहुना साखर पेशीत कशी जळते हा सारा जिनाच त्यांनी ज्या युक्तींनी शोधून काढला, त्यांतील एक युक्ती फ्लोराइडची होती. मधली पायरी अडवावयाची, आणि वर काय साचते ते पाहावयाचे. मात्र नळीतील फ्लोराइडचा अंमल पुरता बसावयास तास-दोन तास लागतात. तेवढ्या वेळात थोडी साखर जातेच. म्हणून नळी लवकर पोचविणे हे उत्तमच.

दुसरा उपयोग पाणी तपासण्याचा. येथे तर हे मीठ स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार म्हणून उभे राहते. २.२१ ग्रॅम सोडियम फ्लोराइड तोलून एक लिटर पाण्यात विरघळविले की त्यात बरोबर १ ग्रॅम फ्लोराइड येते. हे द्रावण पातळ करीत करीत मापाच्या पायऱ्या करावयाच्या आणि विहिरीच्या पाण्याची त्यांच्याशी तुलना करावयाची. एक लाल रंगाचे द्रावण असते. पाण्यात फ्लोराइड जितके जास्त तितका तो रंग फिका पडतो. १९६६ साली फ्रँट आणि रॉस या दोघा अमेरिकनांनी खास फ्लोराइड ओळखणारी एक विजेची कांडी काढली. तीतील स्फटिकही लँथॅनम नावाच्या धातूचे फ्लोराइडच. पण तिचे माप लावावयास पुन्हा हेच पांढरे मीठ लागते. चोराचा तोल करावयास वजन चोराच्याच घरचे!

या तपासणीत बोट ठेवावयाचे असते ते केवढ्याशा आकड्यावर? एक लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅम. आपल्या भारतीय मानकाने १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले मानले आहे आणि दुसरे पाणीच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. हिशेब सोपा करून सांगतो. गावातील १०,००० लिटरच्या टाकीत या मिठाचे ३३ ग्रॅम टाकले की टाकी त्या सीमेवर येऊन पोचते. ३३ ग्रॅम म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. एवढ्याने चव बदलत नाही, रंग बदलत नाही, डाळ शिजावयाची राहत नाही. खारपाणपट्ट्यातला माणूस पाणी थुंकून टाकील. हे पाणी मात्र तो गोड म्हणून पिईल.

*

आता त्या हातपंपाकडे येतो.

वीसेक वर्षांपूर्वी मी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला एका खेड्यात शिक्षक होतो. शाळेपुढे हातपंप होता. १९७२ च्या दुष्काळानंतर खेडोपाडी बोअर खोदण्याची जी लाट आली, तिच्यातला की नंतरचा, कोण जाणे. पण गावाला त्याचे भारी कौतुक. उन्हाळ्यातही पाणी तुटत नसे. जुनी विहीर त्यामुळे ओस पडली होती.

सातवीत एक मुलगा होता. हुशार, गणितात विशेष. तो हसला की दातांवर तपकिरी पट्टे दिसत. आपल्याकडे खर्रा किती लहान वयात तोंडात जातो ते मी पाहत आलो होतो. एके दिवशी तो फळ्यापाशी उभा राहून कशाला तरी हसला आणि माझे डोके फिरले.

"खर्रा खातोस?"

"नाई गुर्जी."

"तोंड उघड. सगळ्यांना दाखव."

त्याने तोंड उघडले. वर्ग हसला. तो म्हणाला, "म्या काईच खाल्लं नाई गुर्जी. आमच्या घरी समद्यायचेच दात असे हायेत." मी ते उर्मटपणाचे उत्तर समजलो आणि त्याला तासभर दाराबाहेर उभे केले. त्यानंतर तो वर्गात हसला नाही. हसू आलेच तर ओठ मिटून हसे.

पुढे काही महिन्यांनी पाणी तपासणारी माणसे आली, बाटल्या भरून घेऊन गेली, आणि नंतर एकाने येऊन पंपाला लाल रंग फासला. मी विचारले तेव्हा त्याने तो शब्द उच्चारला, "फ्लोराइड." मग म्हणाला, "तुमच्या शाळेतल्या पोट्टयायचे दात पाहा ना गुर्जी. याच पान्यानं झाले ते." मी वर्गात गेलो आणि पहिल्यांदाच नीट पाहिले. एकाच्या नव्हे, बऱ्याच जणांच्या दातांवर ते पट्टे होते. कोणाचे खडूसारखे पांढरे, कोणाचे तपकिरी. मी इतके दिवस ते पाहिले नव्हते, कारण माझ्या मनात खर्रा होता. शिवाय मीही तेच पाणी पीत होतो आणि माझे दात स्वच्छ होते. मग पाण्याचा संशय कसा यावा?

हाच प्रश्न माझ्या शंभर वर्षे आधी दुसऱ्या एका माणसाला पडला होता, आणि त्याने माझ्यासारखी शिक्षा न देता उत्तर शोधले होते. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटावयास गेला. तेथील लोकांच्या दातांवर असेच तपकिरी डाग. कोणी म्हणे डुकराचे मांस, कोणी म्हणे वाईट दूध. मॅके तीस वर्षे या गोष्टीमागे लागला. त्याला दिसून आले की जे तेथे जन्मले व वाढले त्यांचेच दात डागाळतात; मोठेपणी राहावयास आलेल्यांचे नाही. कारण दाताचे कवच बालपणी, पहिल्या सात-आठ वर्षांत, हिरडीच्या आत घडत असते. तेव्हा जे घडले ते जन्मभराचे. १९२३ साली आयडाहोतील ओकली गावच्या आयांनी त्याला सांगितले की नवी नळवाहिनी आल्यापासून मुलांचे दात बिघडू लागले. त्याने ते पाणी सोडावयास लावले, आणि पुढच्या मुलांचे दात स्वच्छ निघाले. अखेर १९३१ साली चर्चिल नावाच्या रसायनज्ञाने तसल्या एका गावच्या पाण्यात फ्लोराइड पकडले.

याच मॅकेला असेही आढळले की डागाळलेले दात किडत मात्र कमी. त्यातून दुसरी शाखा फुटली. १९४५ साली अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने मुलांचे दात किडू नयेत म्हणून पाण्यात मोजून थोडे फ्लोराइड घातले, आणि आज आपल्या टूथपेस्टमध्ये ते असते ते याच कारणाने. थोडे असले तर राखणदार, अधिक झाले तर चोर. म्हणून लहान मुलाच्या ब्रशवर वाटाण्याहून मोठा गोळा देऊ नये आणि त्याला तो गिळू देऊ नये.

आपल्या देशात हे कधी कळले? १९३७ साली. मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात, आज जो प्रकाशम जिल्हा आहे त्या भागात, शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रोग ओळखून प्रसिद्ध केला. तेथे दातांवरच गोष्ट थांबली नव्हती. वर्षानुवर्षे ते पाणी पिऊन माणसांची हाडे जड व ठिसूळ झाली होती, पाठीचे कणे काठीसारखे ताठ झाले होते. मान वळविता येत नव्हती. पुढे नागपूरला, १९५८ साली स्थापन झालेल्या आणि आज 'नीरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, यावर तोड निघाली. पाण्यात चुना आणि तुरटी ठरलेल्या प्रमाणात घालावयाची, ढवळावयाचे, गाळ बसू द्यावयाचा आणि वरचे पाणी गाळून घ्यावयाचे. १९७५ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. आंध्रातील पीडित जिल्ह्यावरून, जो आज तेलंगणात आहे, तिला 'नलगोंडा पद्धत' म्हणतात. चुना आणि तुरटी कोणत्या घरात नसते? पण मात्रा पाण्यागणिक बदलते, गाळ रोज टाकावा लागतो, आणि रोज करणारा माणूस लागतो. म्हणून जेथे दुसरे चांगले पाणी मिळू शकते तेथे ते आणणे हाच सरळ उपाय.

आणि जमिनीत हे येते कोठून? खडकातून. ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असते, त्यात फ्लोराइड त्याला मिठी मारून तळाशी बसते. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम, खाण्याच्या सोड्यासारखे क्षार अधिक, त्यात ते मोकळे हिंडते. खोल बोअरचे पाणी खडकाच्या सहवासात फार काळ राहिलेले असते. म्हणून कित्येकदा उथळ विहीर निर्दोष आणि तिच्या शेजारचा बोअर सदोष असे होते. तहान भागवावी म्हणून आपण खोल गेलो, आणि खोलात हे बसले होते. पांढरकवडा भागातील पाण्याच्या या दोषावर २००७ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात शास्त्रज्ञांनी निबंध लिहिला. तोवर माझी तेथून बदली झाली होती. त्या मुलाला मी काही बोललो नव्हतो. बोलावयाचे ठरवीत होतो, तोवर वर्ष संपले.

*

दोन वर्षांपूर्वी अमरावतीच्या बसस्थानकावर एक तिशीचा माणूस माझ्या पाया पडला. ओठ मिटून हसला, आणि त्या हसण्यावरूनच मी त्याला ओळखले. सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी होती. ती मात्र तोंड भरून हसत होती. दुधाचे दात, पण पांढरे.

"आता गावात नळाचं पानी येते गुर्जी," तो म्हणाला. "पंप तर कवाच बंद केला."

गाडीला वेळ होता. मी त्याला त्या दिवसाची आठवण दिली आणि वीस वर्षे जे बोलावयाचे राहिले होते ते बोललो. त्याने मला पुरते बोलू दिले नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या ना गुर्जी. तवा कोनाले मालूम होतं?"

मी काही उत्तर दिले नाही. त्याची गाडी लागली, तो पोरीला घेऊन चढला. पण उत्तर होते. माहीत होते. कोलोरॅडोला १९३१ पासून माहीत होते, नेल्लोरला १९३७ पासून, आणि पांढरकवड्याहून नागपूर काही दीडशे किलोमीटरांपलीकडे नाही. तेथे तर १९७५ पासून औषधासकट माहीत होते. ज्ञान सगळीकडे पोचले होते. ते फक्त माझ्या वर्गाच्या दारापर्यंत आले नव्हते. आणि त्या दाराबाहेर मी एका मुलाला उभे केले होते.

आता दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मी मुलांना विचारतो, तुमच्या घरी पाणी कोठून येते? विहिरीचे की बोअरचे की नळाचे? आणि मग, त्यांना कळू न देता, त्यांचे दात पाहून घेतो.